निमित्त नसताना

पाडवा झाला की काही दारांत अजूनही चैत्रांगण उमटतं. झोपाळ्यातली गौर, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र, कासव, नाग, हत्ती, शंख, गोपद्मं, फणी-करंडा. काढणारी बाई एका हातानं पदर सावरते, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून रांगोळी सोडते. पट्टी नाही, पेन्सिल नाही, खोडरबर नाही, तरी सगळं कसं चौकटीत नेमकं बसतं. दुपारपर्यंत त्यावरून एखादी सायकल जाते, शेजारची शेळी जाते, संध्याकाळी सडा पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं. या बाईला कुणी विचारलं, ‘‘तुम्हाला चित्रकला येते का हो?’’ तर उत्तर ठरलेलं. ‘‘छे हो, मला कुठली येते! शाळेत असताना काढायचे थोडंफार.’’

मैत्रिणींनो, आज या ‘छे हो’बद्दल थोडं बोलू या.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्या, पाण्यात रंग मिसळून तासन्‌तास रमलेल्या कितीतरी जणी आज चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत. मुलं मोठी झाली, कुणाची पुण्याला नाहीतर नाशिकला शिकायला गेली. दुपारचे दोन तास थोडे सैल झाले. मनात येतं, पुन्हा काहीतरी करावं. चित्र काढावं, भरतकाम करावं, चार ओळी लिहाव्यात. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार येतोच. आता या वयात? कुठून सुरुवात करायची? आपल्या गावात तर धड क्लासही नाही.

खरं सांगायचं तर सुरुवात केव्हाच झालेली आहे. आठवा बरं. भाचीच्या लग्नात रुखवत कुणी मांडलं? सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीचं तोरण, खडीसाखरेचं तुळशीवृंदावन. सगळा मांडव बघायला आला, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवशी ते सामान खोक्यात गेलं. गौरीच्या पुढची आरास, मुलाच्या शाळेतला प्रकल्प (तो मुलानं केला असं शिक्षकही मानत नाहीत, पण नाव त्याचंच!), जुन्या लुगड्यांची गोधडी, बाळंतविडा. हात चालतोच आहे. रंग कुठला कुठल्याशेजारी शोभतो हे कळतंच आहे. फक्त या सगळ्याला दरवेळी कुणाचं तरी निमित्त असतं. सण असतो, लग्न असतं, डोहाळजेवण असतं. निमित्त संपलं की हात थांबतो.

आता हेच एखाद्या साध्या मंगळवारी करून बघा. घरात कार्य नाही, सण नाही, कुणी पाहुणे येणार नाहीत, आणि तुम्ही दुपारी रंगांचा डबा काढून बसलात. पहिला प्रश्न येईल, ‘‘काय गं, काही कार्यक्रम आहे का?’’ दुसरा येईल, ‘‘हे कुणासाठी?’’ या दुसऱ्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नसतं, म्हणून डबा परत माळ्यावर जातो. माझ्या मते कलेची सुरुवात म्हणतात ती या मंगळवारी होते. क्लास लावला, महागडे ब्रश आणले, तरी हा मंगळवार जमला नाही तर काही होत नाही.

यावरून बिहारची एक हकिकत सांगते. त्यात एक मराठी माणूसही आहे.

बिहारच्या मधुबनी भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंती रंगवत आल्या. लग्न झालं की नवरा-नवरीच्या खोलीत, म्हणजे ‘कोहबर’ घरात, कमळ, बांबू, मासे, कासव, पोपट काढायचे. जमिनीवर तांदळाच्या पिठाचं ‘अरिपन’ घालायचं, आपल्या रांगोळीसारखंच. पुढच्या कार्याला भिंत पुन्हा सारवायची, जुनं चित्र मातीखाली गेलं. १९३४ च्या जानेवारीत तिथं मोठा भूकंप झाला, घरं पडली, आणि पाहणीला आलेल्या आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ढिगाऱ्यातल्या उघड्या भिंतींवर ही चित्रं दिसली. तोवर बाहेरच्या माणसानं ती पाहायचा प्रश्नच नव्हता, ती आतल्या खोलीत होती!

मग १९६६-६७ चा दुष्काळ आला. शेती गेली, हाताला काम नाही. त्या वेळी पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. त्यांनी काय केलं? बायकांना कागद दिला आणि सांगितलं, भिंतीवर जे काढता तेच यावर काढा. चित्र काढायला शिकवलं नाही, ते त्यांना येतच होतं. पण लग्न नसताना, सण नसताना, भर दुष्काळात चित्र काढायचं आणि ते पुसायचं नाही, ही गोष्ट नवी होती.

पुढचं आपल्याला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे. जितवारपूरच्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, त्याच गावच्या सीता देवींना १९८१ साली, रशीदपूरच्या गंगा देवींना १९८४ साली. पद्मश्रीपेक्षा मला गंगा देवींचं एक वेगळंच मोठं वाटतं. मूलबाळ नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केलेली. पारंपरिक कमळ-मासे काढून त्या थांबल्या नाहीत. भारत महोत्सवासाठी अमेरिकेला जाऊन आल्या तर तिथला आकाशपाळण्यासारखा गरगर फिरवणारा रोलर कोस्टर त्यांनी मधुबनीच्या रेषेत काढला, त्यातल्या घाबरलेल्या माणसांसकट. कर्करोग झाला, दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये उपचार घेतले, तर तो खाटांचा वॉर्ड, डॉक्टर, सलाइन, सगळं चित्रात आलं. १९९१ साली त्या गेल्या. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी भिंतीवर काढलेलं कोहबर होतं, ते २०१५ साली नूतनीकरणाच्या कामात गेलं. कागदावरची चित्रं आहेत.

आणखी एक नाव लक्षात ठेवा, दुलारी देवी. रांटी गावच्या, मल्लाह म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या. लहानपणी लग्न झालं, तान्ही मुलगी गेली, माहेरी परतल्या आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागल्या. त्यातलं एक घर महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी या चित्रकार जावांचं. झाडता-पुसता दुलारी देवी बघत राहिल्या, मग शिकल्या, मग स्वतःच्या आयुष्यातले मासे, तळी, होड्या काढायला लागल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ च्या अर्थसंकल्पाच्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन जी मधुबनी नक्षीची साडी नेसून आल्या होत्या, ती दुलारी देवींनी दिलेली. धुणीभांडी करणाऱ्या बाईला दुपार किती मोकळी मिळत असेल याचा आपण अंदाज करू शकतो. म्हणून ‘वेळ कुठाय’ हे कारण सांगताना मला हल्ली जरा संकोच वाटतो.

आता आपल्याकडची गोष्ट. तीही याच भास्कर कुलकर्णींशी जोडलेली आहे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा ‘चौक’ काढायचा मान सवाष्णींचा. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं त्या चौक लिहितात, मध्ये पालघाट देवी असते, धवलेरी बाई गाणी म्हणते. मधुबनीनंतर कुलकर्णी इथे वारली पाड्यांवर आले. आणि ज्या गृहस्थांचं नाव जगभर गेलं ते गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. ते थोर चित्रकार, २०११ ची पद्मश्री, २०१८ साली गेले, त्यांच्याविषयी आदरच आहे. लग्न असो-नसो ते रोज चित्र काढायचे, हे त्यांचं वेगळेपण. पण बघा ना, चौक लिहिणाऱ्या सवाष्णींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला पटकन सांगता येतं का? भिंतीवर होतं तोवर ते सवाष्णींचं काम होतं. कागदावर आलं, त्याखाली सही आली, त्या वेळी पेन बहुतेक पुरुषांच्या हातात होतं. मधुबनीत कागद बायकांच्या हातात दिला गेला, म्हणून तिथल्या बायकांची नावं राहिली. याला मी योगायोग म्हणणार नाही.

शब्दांचंही असंच. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरोटं ओढताना, शेतात खपताना त्यांना सुचायचं ते मुलानं, सोपानदेवांनी, आणि मावसभावानं टिपून ठेवलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. टिपून घेणारं कुणी नसतं तर? महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी वर्षानुवर्षं फिरून गोळा केल्या. त्याच्या कितीतरी पट पिठाबरोबर गेल्या असतील. आपल्या आजीनं म्हटलेली एक तरी ओवी आपल्याला पूर्ण येते का?

तेव्हा पहिली खरेदी वहीची करा. हो, सांगतेच आता कसं ते, नाहीतर तुम्ही म्हणाल गप्पाच मारल्या.

शाळेच्या दुकानात मिळते ती साधी चित्रकलेची वही चालेल. जाड कागदाची, महाग वही आणू नका. महाग कागदावर हात कचरतो, ‘चांगलं काहीतरी सुचेल तेव्हा काढू’ म्हणून ती वही दोन वर्षं कोरी राहते. दोन पेन्सिली घ्या, एक एचबी आणि एक मऊ, म्हणजे ४बी. खोडरबर पहिला महिनाभर लांब ठेवा. रांगोळी घालताना कुठं असतो हातात? रेष चुकली तर आपण तिचंच पान करतो, वेल करतो आणि पुढे जातो. ती सवय आपल्याला आहेच, ती कागदावर आणायची.

काय काढायचं? समोर दिसेल ते. कढई, किसणी, अडकित्ता, अर्धं चिरलेलं वांगं. वस्तूकडे जास्त आणि कागदाकडे कमी बघायचं, इतकाच नियम. आपण बहुतेक वेळा डोक्यातली कढई काढतो, समोरची काढत नाही. कपाचा कान जमत नसेल तर कान काढूच नका, कान आणि कप यांच्यामधली जी पोकळी दिसते ना, तिचा आकार काढा. कान आपोआप होतो. गंमत वाटेल, पण करून बघा. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे मुलांच्या पुस्तकातलं एखादं चित्र उलटं ठेवायचं, खालचं वर, आणि तसंच उतरवायचं. ‘हे नाक, हा डोळा’ असं मन सांगायचं बंद करतं आणि हात नुसत्या रेषा बघतो. (देवाच्या कॅलेंडरवर हा प्रयोग नको, घरात उगाच वाद!)

नक्कल केली तर चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. पहिले काही महिने खुशाल करा. आईच्या रांगोळ्यांच्या वहीतून उतरवून घेतच आपण रांगोळी शिकलो. मात्र मोबाइलवरचे ‘पाच मिनिटांत मोर’वाले व्हिडिओ जपून बघा. ते बघताना आपण काढतोय असं वाटतं आणि अर्धा तास नुसतं बघण्यात जातो. शिवाय सगळ्यांचे मोर सारखेच होतात. तुमच्या खिडकीतून दिसणारा पत्र्यावरचा कावळा मात्र दुसऱ्या कुणाकडे नाही.

चित्र नकोच असेल, सुई जवळची असेल, तर एक वीतभर कापड घ्या आणि त्यावर ठसा न उमटवता, कागद न ठेवता टाका घाला. आज परसात जे दिसलं ते. शेवग्याची शेंग, दोरीवरचे कपडे. लिहायचं असेल तर रोज पाच ओळी. सकाळपासून ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं, बोलीसकट. बाजारात भाजीवाली काय बोलली, लेकीनं फोनवर काय सांगितलं. त्याची गोष्ट होईल की नाही याची काळजी आत्ता नको. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर लिहायला-वाचायला आलं, आणि ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी साठीच्या पुढे पूर्ण केली. त्यातलं बोलणं आजही ऐकू येतं, कारण त्यांनी ते सुधारून पुस्तकी केलं नाही.

वेळ किती द्यायचा? वीस मिनिटं. रोज नाही जमलं तर आठवड्यातून चार दिवस, पण ठरलेल्या वेळेला. सासूबाई वामकुक्षी घेतात तेव्हा, कुकरच्या शिट्ट्या होईतो, नळाला पाणी यायच्या आधी. कोलकात्याच्या ठाकूरांच्या घरातल्या सुनयनी देवींचं उदाहरण आहे. भाऊ अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ, दोघेही नामवंत चित्रकार. सुनयनींना मात्र चित्रकलेचं शिक्षण मिळालं नाही. तिशीच्या सुमाराला, घरसंसार सांभाळत त्यांनी स्वतःच रंगवायला घेतलं आणि आज भारतीय चित्रकलेच्या इतिहासात त्यांचं नाव भावांच्या शेजारी येतं. तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एवढ्या मोठ्या खटल्याच्या घरात.

जागेचं म्हणाल तर व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेनं १९२९ साली लिहून ठेवलं की लिहिणाऱ्या बाईला स्वतःची खोली हवी. आपल्या दोन खोल्यांच्या घरात ते जरा अवघडच. पण बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा? वही, पेन्सिली, रंग त्यात, आणि डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी नातवानंसुद्धा नाही. एवढं घरात ठणकावून सांगा. हे सांगणं कधी कधी चित्र काढण्यापेक्षा कठीण जातं, हे मान्य आहे.

आणि दाखवायची घाई नको. पहिली वीस-पंचवीस पानं वाईटच येतात, सगळ्यांचीच. ती घरच्यांना दाखवली की ‘हे काय, हा घोडा आहे की कुत्रा?’ असं प्रेमानंच कुणीतरी म्हणतं आणि आपण महिनाभर वहीला शिवत नाही. दाखवायचंच तर एखाद्या मैत्रिणीला दाखवा, जी स्वतःही वही भरते आहे. दोघी-तिघींनी महिन्यातून एकदा भेटून वह्यांची अदलाबदल केली तरी क्लासची गरज फारशी राहत नाही. भिशीला जमतोच की आपण.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. मधुबनीच्या बायकांनी पैशासाठीच कागद हातात घेतला, हे विसरून चालणार नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी विकावं, चांगल्या भावानं विकावं. माझा आक्षेप वेगळाच आहे. एखादीनं चार चित्रं काढली की लगेच सल्ला येतो, ‘‘बचत गटाच्या स्टॉलवर ठेव ना, पणत्या रंगव, ऑर्डर घे.’’ दिवाळीला दोनशे पणत्या एकाच नक्षीच्या रंगवल्या की हात बसतो खरा, पण तो पणतीतच बसतो. पहिलं वर्ष तरी वहीला बाजार दाखवू नये असं मला वाटतं. याच्या उलट, ज्यांचा हात तयार आहे त्यांच्याकडून नातलग फुकट करून घेतात. ‘‘तुझ्या हातात कला आहे गं, लेकीचं रुखवत तूच कर.’’ करा, हौसेनं करा, पण लोकर, मणी, कापड यांचे पैसे आधी मागून घ्या. मेहंदीवालीला, केटररला, फोटोग्राफरला देतातच ना?

शेवटी एक बारीकशी गोष्ट, पण ती पहिल्या पानापासून करायची. प्रत्येक पानाखाली तारीख घाला आणि नाव लिहा. तारीख यासाठी, की सहा महिन्यांनी मागे उलटून बघाल तेव्हा हात कुठून कुठे आला ते दिसेल, दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरणार नाही. आणि नाव? इथे बऱ्याच जणी अडखळतात. माहेरचं आडनाव, सासरचं, की नुसतं पहिलंच? काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं, मग त्यातलं कुठलं? एलिमेंटरीच्या प्रमाणपत्रावर एक, रेशनकार्डावर दुसरं. वहीला कार्यालयाचे नियम नाहीत. मागच्या पानावर सगळी नावं एकाखाली एक लिहून काढा, पेन्सिलीनं, थोडी लपेटी घेऊन, शाळेत सहीचा सराव करायचो तशी. जी सही चांगली जमेल ती उद्याच्या कढईखाली घाला.